उरलं किती?

कुठल्याही लग्नाहून, बारशाहून, तेराव्याहून घरी परतलं की माय आधी एकच विचारायची. नवरी कशी होती, मांडव केवढा होता, आहेर काय आला, हे सगळं नंतर. आधी, "उरलं किती?"

कमी पडलं असतं तर ते संध्याकाळपर्यंत पंचक्रोशीत कळलंच असतं. त्याची चौकशी करायची गरज नव्हती. उरलं किती यावरून तिला त्या घरच्या बाईची परीक्षा घ्यायची असे. दोन डेगी भात उरला तर बाईला अंदाज नाही. शीतही उरलं नाही तर शेवटच्या पंगतीला कुणाचा तरी हात आखडला. पण घरच्या बाया जेवल्या, गडी जेवला, दारातलं कुत्रं जेवलं आणि त्यावर अवचित आलेल्या एका माणसाचं ताट निघालं, एवढंच उरलं असेल तर माय मान हलवायची. "जमते तिले," म्हणायची. यापेक्षा मोठं प्रमाणपत्र तिच्याकडे नव्हतं आणि तिच्या तिन्ही सुनांपैकी एकीलाही ते मिळालं नाही.

माय म्हणजे माझी आजी. आमच्या घरात आईला बाई म्हणतात नि आजीला माय. पुढे पुढे सगळं गावच तिला माय म्हणू लागलं. गाव मेहकर तालुक्यातलं, पैनगंगेच्या अलीकडचं. गेल्या वैशाखात ती गेली. वय आधार कार्डावर एक होतं, तिच्या तोंडी दुसरं. नव्वदीच्या जवळपास धरा. तिच्या तेराव्याला कढीचा अंदाज चुकला. दोन डेगी उरल्या. माझी आई नि दोन्ही काकू त्या डेगींकडे बघत अंगणात बराच वेळ उभ्या होत्या. त्या दिवशी घरात तो प्रश्न कुणी विचारला नाही.

पौष लागला तसं मी हिवरा आश्रमाला जायचं ठरवलं. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३चा. पण हिवऱ्याचा जन्मोत्सव तिथीनं होतो, पौष वद्य सप्तमीला. त्यांच्या जन्माच्या दिवशी संक्रांत होती, म्हणून माय विवेकानंदांना 'संक्रांतीचं लेकरू' म्हणायची. कॅलेंडर तिला वाचता येत नव्हतं. अंधाऱ्या पंधरवड्यातली सातम ती बोटांवर मोजायची आणि आदल्या दिवशी लुगड्याची घडी काढून ठेवायची. गुडघे धरले तोवर, म्हणजे वयाच्या ऐंशीपर्यंत, तिनं एकही सातम चुकवली नाही. भक्ती होतीच. पण मला वाटतं, लाखभर माणसांच्या स्वयंपाकाचा अंदाज कुणाला कसा येतो, हे बघायला ती जायची.

पुण्याहून रात्रीची एस.टी. धरली. समृद्धी महामार्ग झाल्यापासून आमच्याकडची माणसं खाजगी गाड्यांनी अर्ध्या वेळात येतात. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर आता आखल्यासारखा सरळ आहे. त्या रस्त्यावर गाव लागत नाही, चहाची टपरी लागत नाही, पाहुणा म्हणून कुणाच्या दारात उतरावं असं दारच लागत नाही. मी जुन्याच रस्त्यानं आलो. जालना सोडल्यावर झुंजूमुंजू झालं आणि सिंदखेड राजाला लखुजी जाधवांच्या राजवाड्याचा दरवाजा समोर आला.

१२ जानेवारी ही तारीख आमच्या जिल्ह्याची दुहेरी. १५९८ साली याच दिवशी जिजाऊ इथे जन्मल्या. मी शाळेत असताना एकदा आम्ही तिघं, मी, माय आणि गावातले एक मास्तर, हा वाडा बघायला उतरलो होतो. मास्तरांनी दरवाजाखाली उभं राहून जिजाऊंनी शिवबांना कसं घडवलं ते सांगितलं. मायनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "लेकराले घडवलं, ते खरंच. पन वाड्यात रोज किती मानसं जेवत असतील? ते कोनी लिहून ठेवलं का?"

मास्तरांना उत्तर देता आलं नाही. मलाही अजून देता येत नाही. आता पुण्यात राहून तर तिचा प्रश्न मला जास्तच पटतो. उजाड झालेला कसबा जिजाऊंनी पुन्हा वसवला म्हणतात आणि आपण सोन्याच्या नांगराची गोष्ट सांगून मोकळे होतो. पण जमीन नांगरल्यावर पहिलं पीक हाती येईपर्यंत त्या आलेल्या माणसांनी खायचं काय? ते धान्य कुठून आणलं, किती आणलं, कुणाला किती दिलं, याचा हिशेब कुणीतरी केलाच असणार. इतिहासात त्या हिशेबाला पान मिळालेलं नाही. मायच्या मते मूळ इतिहास तोच.

दुसरबीड, मग सुलतानपूर. इथून लोणारचा फाटा फुटतो. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीच्या उल्कापाती विवरातलं ते तळं बघायला जगभरातून माणसं येतात. मायच्या लेखी लोणार म्हणजे खार. त्या खाऱ्या पाण्याकाठचा खार पूर्वी काढून विकला जाई. आईन-ए-अकबरीतसुद्धा लोणारच्या खाराची नोंद आहे, काच नि साबण करायच्या कामाचा म्हणून. त्या खारातल्या एका प्रकाराला 'पापडी' म्हणत. मायची सासू पापडाच्या पिठात लोणारचाच खार घालायची, असं माय सांगायची. तिच्या स्वतःच्या हाताला मात्र दुकानातला पापडखार आला. "तो बी चालते. फुलते. पन तो जिभेले चावत नाई," अशी तिची तक्रार होती.

पापडाचा विषय निघाला आहे तर सांगून टाकतो.

आजोबा गेले तेव्हा मायच्या पदरात चार लेकरं, सहा एकर कोरडवाहू आणि एक भांडखोर दीर होता. दिरानं जमीन अर्धलीनं करायला घेतली नि अर्ध्यातलं निम्मं देऊ लागला. मायनं भांडण केलं नाही. गळ्यातलं मोडून पितळेचं शेवयाचं मशीन आणलं. बाजेच्या लाकडाला बसवायचं, एकीनं दांडा फिरवायचा, दुसरीनं खालून शेवया हातावर झेलायच्या. उन्हाळ्यात प्रत्येक घरी शेवया होतात, पण मशीन त्या वेळी आमच्या आळीत एकाही घरी नव्हतं. माय ते भाड्यानं द्यायची. भाडं पैशात घ्यायची नाही. बायांच्या हातात पैसा नसतो, पीठ असतं, हे तिला ठाऊक होतं. पायलीमागे एक ओंजळ शेवया. चैत्र, वैशाख, अर्धा ज्येष्ठ. आषाढ लागेपर्यंत तिच्या घरात शेवयांची कणगी भरलेली असायची आणि ती मेहकरच्या बाजारात लग्नघरांना विकली जायची. तिनं स्वतः एक मूठ पीठ मळलं नव्हतं.

त्यातून पापड आले. उन्हाळ्यात सहा-सात बाया आमच्या ओसरीवर लाटायला बसायच्या. मजुरी लाट्यांच्या हिशेबानं, आणि हिशेब भिंतीवर कोळशानं. शंभर झाले की एक उभी रेघ. भिंत सारवली की मागचं वर्ष पुसलं. मुंबईत गिरगावातल्या सात बायांनी १५ मार्च १९५९ला ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले आणि त्यातून 'लिज्जत' उभी राहिली, हे मी तिला फार उशिरा सांगितलं. तिनं विचारलं, सातजणी भांडल्या नाहीत का? मी म्हटलं, तिथं प्रत्येक बाई मालकीण असते. माय म्हणाली, "मंग हिशेब कोन ठेवते?" तिच्या पापडांची लिज्जत का झाली नाही, याचं उत्तर याच प्रश्नात आहे. तिला भागीदार चालत नव्हता. मीठ किती, खार किती, हे ती पाठमोरी उभी राहून घालायची. सुनांनासुद्धा दिसू द्यायची नाही. ती गेल्यावर पापड बंद झाले. पाककृती कुणाकडेच नाही. पाहुण्याला ताट देताना तिचा हात मोकळा असायचा, पण येत असलेलं कसब तिनं कधी कुणाच्या हाती दिलं नाही. आई अजून त्यावरून चिडते आणि तिचं चिडणं बरोबर आहे.

७२च्या दुष्काळात माय खडी फोडायला गेली. तालुक्यातल्या निम्म्या बाया गेल्या. कामावर सुकडी मिळायची, रेशनला मिलो, ती तांबडी परदेशी ज्वारी, जिची भाकरी थापताना कडा फुटायच्या. त्याही वर्षी आमच्या घरी येणारा जाणारा उपाशी गेला नाही, असं गाव सांगतं. माझे वडील यातली दुसरी बाजू सांगतात. पाहुणा आला की माय चारही लेकरांच्या भाकरीतली चतकोर काढायची. चार चतकोर, एक भाकरी. वडील तेव्हा नऊ वर्षांचे होते. पन्नास वर्षांनी तिच्या तेराव्याला, लोक तिच्या अन्नदानाचं कौतुक करत होते तेव्हा, ते माझ्या कानाशी म्हणाले, "त्या भाकरीतली एक चतकोर माझी असायची."

मेहकरला उतरलो. स्टँडवर गर्दी एकाच दिशेची होती. नेहमी लोक इथे शारंगधर बालाजीला येतात. त्या काळ्या पाषाणाच्या मूर्तीसमोर माय मुलांना घेऊन यायची आणि दर्शनापेक्षा जास्त वेळ बाहेरच्या भांड्यांच्या दुकानात घालवायची. आज सगळे चिखलीच्या रस्त्याला लागत होते. काळी-पिवळीत बारा माणसं बसवून तेरावा मी. शेजारच्या आजीबाईनं मांडीवर पिशवी सावरत मला सरकायला जागा दिली आणि कुठून, कोणाचा, लगीन झालं का, हे तीन प्रश्न एका दमात विचारले.

वऱ्हाडात हिवरे पुष्कळ. हिवर हे बाभळीच्या भावकीतलं, पांढुरक्या सालीचं काटेरी झाड. ते जिथे दिसलं तिथे लोकांनी गावाला हिवरा म्हटलं. त्यातला हा हिवरा ओळखायचा म्हणून पुढे आश्रम. १९६५ साली शुकदास महाराजांनी इथे विवेकानंद आश्रम उभा केला. महाराज रोग्यांना औषध द्यायचे आणि पहिली काही वर्षं लोक देवापेक्षा दवेसाठीच यायचे. मग शाळा झाली, वसतिगृह झालं, अपंग मुलांचं विद्यालय झालं, कृषी महाविद्यालय झालं. जवळच कोराडी धरणाचं पाणी. २०१७ साली महाराज गेले, पण सातमीची पंगत थांबली नाही.

त्या पंगतीचं वर्णन ऐकून कुणाला खरं वाटत नाही. पुरी नि वांग्याची भाजी, दोनच पदार्थ. मोकळ्या शेतात आखलेल्या रांगा, नजर पोचते तिथवर माणसं बसलेली. दोन रांगांच्या मधून ट्रॅक्टर जातात, ट्रॉलीत भाजी, ट्रॉलीत पुऱ्या, आणि ट्रॉलीवर उभे असलेले, बाजूनं चालणारे स्वयंसेवक वाढत जातात. गहू आणि वांगी क्विंटलांत मोजतात, तीही शंभराच्या वर. लाखाहून जास्त माणूस एका दिवसात जेवून उठतो. जेवणारा कोण, कुठला, कोणत्या जातीचा, हे विचारायला वाढणाऱ्याला वेळही नसतो.

वांगीच का, हे मी लहानपणी मायला विचारलं होतं. तिनं असं समजावलं होतं, जणू स्वयंपाक तीच करते. "पौषात वांगं सवंगाचं. सोलाचं नाई, धुतलं, चिरलं, टाकलं. बटाटा सोलत बसलं तं पुढची सातम येईल. भेंडी तार धरते. कोबी पानी सोडते. वांग्याले रस्सा वाढवता येते. मानसं वाढली का पानी वाढवाचं, तिखट वाढवाचं, कोनाले कळत बी नाई." आणि पुरी? "पोळी वाळते. पुरी निब्बर झाली तरी रश्शात बुडते." एवढ्या मोठ्या पंगतीचं गणित तिनं दोन उत्तरांत सोडवून ठेवलं होतं.

आईच्या लग्नात तिला 'रुचिरा' मिळालं होतं. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० साली आलं आणि मराठी स्वयंपाकाला त्यानं वाटी-चमच्याचं माप दिलं. सासरी शिकायला सासू नसलेल्या, परगावी बिऱ्हाड केलेल्या हजारो मुलींना त्या मापानं उभं केलं. मी त्या पुस्तकावरच पुण्यात एकट्यानं जगलो, तेव्हा त्याच्याविरुद्ध बोलायचा मला हक्क नाही. पण आईनं पहिल्यांदा पुस्तक उघडून कसलीशी वाटीभर डाळ मोजली तेव्हा माय चुलीपाशीच होती. म्हणाली, "कोनाची वाटी?" आई म्हणाली, आपलीच, चौघांना पुरेल. माय म्हणाली, "अन पाचवा आला तं?"

आमच्या घरातलं पुढचं तीस वर्षांचं भांडण या एका वाक्यात होतं. आईचं म्हणणं, पाचवा येईल तेव्हा त्याच्यासाठी करू. मायचं म्हणणं, पाचवा आलेलाच असतो, त्याला दारापाशी यायला वेळ लागतो इतकंच.

ती मोजायची शेर, मापटं, चिपट्यानं. दोन चिपटी एक मापटं, दोन मापटी एक शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण. किलो आला तेव्हा तिनं तो दुकानापुरता मान्य केला. घरात शेवटपर्यंत तिची मूठ. पीठ मुठीनं, मीठ चिमटीनं, पाणी नजरेनं, माणसं मात्र दोनदा मोजून.

हिवऱ्याला तिनं मला पहिल्यांदा नेलं तेव्हा मी सात-आठ वर्षांचा असेन. बैलगाडी मेहकरच्या रस्त्यापर्यंत, पुढे एस.टी. मला आठवते ती धूळ आणि तिखट रश्शाचा ठसका. आणखी एक गोष्ट आठवते, ती आमच्या घरात कधी बोलली गेली नाही.

आमच्या ओसरीच्या कोनाड्यात एक कप वेगळा असायचा. कान तुटलेला, निळ्या काठाचा. गावकुसाबाहेरच्या वस्तीतलं कुणी आलं तर चहा त्यात. चहा तसाच दाट, साखर तशीच, गप्पाही तशाच, कप वेगळा. विसळायचा ज्याचा त्यानं. मायचा पाहुणचार गावभर गाजलेला होता आणि त्यात हा कप होता. मला तो कप सांगितल्याशिवाय बाकीचं सांगता येत नाही. त्या वर्षीच्या पंगतीत माय बसली आणि तिच्या डाव्या हाताला जी बाई येऊन बसली, ती आमच्याच गावची, त्या कपातून चहा पिणारी. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मागून रेटा होता, उठायला जागा नव्हती. ट्रॅक्टर आला. वाढपी घाईत होता. त्यानं त्या दोघींच्या मधे पुऱ्यांचा एकच ढीग टाकला नि पुढे गेला. काही क्षण कुणीच हात लावला नाही. मग मायनं ढीग दोन भागांत केला. त्या बाईच्या बाजूला एक पुरी जास्त गेली, हे मी मोजलं, कारण मला ती हवी होती.

त्या उन्हाळ्यात कधीतरी कोनाड्यातला कप दिसेनासा झाला. फुटला असेल. कुणी उचलून ठेवला असेल. मी मोठेपणी एकदा विचारलं तेव्हा माय म्हणाली, "कोन्ता कप?" आणि लसूण सोलत राहिली.

ज्यांचं नाव या आश्रमाला आहे त्या विवेकानंदांच्या संघाच्या माउली, शारदादेवी, यांची एक हकीकत मी पुढे वाचली. जयरामबाटीच्या घरी अमजद नावाचा मुसलमान मजूर जेवायला बसला होता आणि पुतणी त्याला लांबून फेकल्यासारखं वाढत होती. शारदादेवींनी तिला बाजूला केलं, स्वतः वाढलं आणि जेवण झाल्यावर त्याची उष्टी जागाही स्वतः पुसली. पुतणी जात गेली म्हणून ओरडली तेव्हा त्यांनी सांगितलं, शरत जसा माझा मुलगा तसाच अमजदही. शरत म्हणजे स्वामी सारदानंद, संघाचे चिटणीस. ही हकीकत मी मायला सांगितली तेव्हा तिनं फक्त विचारलं, "उष्टं सोता उचललं?" हो म्हटलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तेच अवघड हाय."

यंदा मी पंगतीला बसलो तेव्हा उन्हं डोक्यावर होती. शेतातली ढेकळं पायांनी दबून सपाट झालेली, त्यावर आखलेली रांग. डावीकडे चिखलीकडचा एक म्हातारा, उजवीकडे कॉलेजच्या तीन मुली, फोटो काढण्यात गुंग. ट्रॅक्टरचा आवाज आला तसे मोबाइल खाली गेले. पुरी गार होती, भाजी चटका बसेल अशी गरम. वांगी शिजून मेणासारखी झाली होती आणि तरी फोड शाबूत होती. हे कसं जमतं, कळत नाही. म्हाताऱ्यानं दुसऱ्यांदा भाजी घेतली, मुलींनी तिसऱ्यांदा. मी पुऱ्या मोजून खाल्ल्या, कारण मायनं लावलेली सवय.

तिची दुसरी सवय अशी की परतताना दोन पुऱ्या पदरात बांधून आणायच्या. प्रसाद म्हणून नव्हे. त्या ती घरी नेऊन बोटांनी तोडून बघायची, किती तासांनी निब्बर झाल्या, तेल किती प्यायल्या.

असली चौकस बुद्धी ती खेळातही वापरायची. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे भुलाबाई बसते. पोरी घरोघर फेर धरतात, गाणी म्हणतात, आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची असते. डबा हलवायचा, आवाजावरून सांगायचं: फुटाणे, खोबरं, शेव, लाडू. ओळखलं तर यजमानीण हरली. मायच्या घरची खिरापत कुणालाच ओळखता यायची नाही. एका वर्षी डबा हलवला तर खडखड वाजला. पोरींनी शेंगदाण्यापासून बत्ताशांपर्यंत सगळं सांगून पाहिलं. उघडला तर शिरा निघाला. झाकणाच्या आतल्या बाजूला मायनं चिंचोक्यांची पुरचुंडी बांधून ठेवली होती. पोरींनी फसवणूक म्हणून गलका केला. माय इतकी हसली की तिला बसावं लागलं. मला ती आठवते तेव्हा बहुतेक वेळा अशी आठवते, भुईवर बसून, पदर तोंडाशी.

वाकळी तर तिनं किती शिवल्या याचा हिशेब भिंतीवरही नव्हता. पाहुण्यांच्या वेगळ्या, घरच्या वेगळ्या, पाहुण्यांच्या मऊ. जुनी लुगडी, धोतरं, आमच्या शाळेच्या चड्ड्या. माझ्याकडे आहे त्या वाकळीत माझ्या तिसरीतल्या खाकी चड्डीचा तुकडा आहे आणि त्याचा खिसा तिनं शिवून टाकला नाही, तसाच उघडा ठेवला. मी पुण्याला निघालो तेव्हा त्या खिशात पन्नासाची नोट होती. दर दिवाळीला परत जाताना असायची. कधी सापडल्याचं मी तिला सांगितलं नाही, कधी ठेवल्याचं तिनं मला सांगितलं नाही. पुण्याच्या घरी पाहुणा आला की बायको ती वाकळ अंथरते आणि मी आधी खिसा चाचपून घेतो.

चार वाजत आले तशी शेतातली गर्दी पातळ झाली. पत्रावळी गोळा करणारी मुलं रांगेच्या एका टोकाकडून येत होती. कडेला एक ट्रॉली उभी होती आणि तिच्या चाकाला टेकून एक माणूस तंबाखू मळत बसला होता. बाह्या कोपरापर्यंत वर, हाताला पिवळा रंग चढलेला. मी जवळ गेलो. विचारायचं ते सकाळपासून मनात होतं.

"उरलं किती?"

त्यानं वर बघितलं. "कोनाचे तुमी?"

मी गाव सांगितलं, मायचं सांगितलं. तो विचार करत राहिला, मग मान हलवली. त्याला ती आठवत नव्हती. इतक्या बाया येतात, म्हणाला. पण उठला आणि ट्रॉलीवरची ताडपत्री एका हातानं वर केली. तळाशी पुऱ्यांचा थर होता, एका कोपऱ्यात उंच, दुसरीकडे विरळ.

"तुमीच सांगा. किती मानसं होतील एवढ्यात?"

मी वाकून बघितलं. शंभर म्हणावं की चाळीस, काही कळेना. चारच्या हिशेबानं मोजू लागलो आणि कोपऱ्यातल्या ढिगापाशी अडखळलो.

"मले बी नाई येत," तो म्हणाला आणि ट्रॉलीच्या पलीकडे बोट दाखवलं. तिथे सावलीत एक म्हातारी पाय पसरून बसली होती, घमेल्यातल्या तुटक्या पुऱ्या वेगळ्या काढत. तिनं उठून ट्रॉलीत पाहिलं नाही. मानही वर केली नाही.

"सत्तर," म्हणाली. "अन वर एक."